गगनमल्लाची शिडी

सायकलमामांनी उभ्या आयुष्यात गगनमल्लाच्या चित्रकथांचा एकही अंक वाचला नव्हता, आणि तरी गगनमल्लाबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा माणूस त्या भागात शोधून सापडला नसता. याला कुणी थापेबाजी म्हणेल. म्हणो बापडे! ज्यांनी मामांच्या दुकानातल्या बाकावर बसून पंक्चर निघायची वाट पाहिली आहे, ते तरी असं म्हणणार नाहीत.

दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक खोली. भिंतीला टांगलेले टायर, खाली पाण्याचं घमेलं, घासपेपर, सोल्युशनची चेपलेली ट्यूब, पाने, आणि दाराशी एक लांब बाक. कुणीतरी एकदा त्या बाकावर गगनमल्लाच्या अंकांचा गठ्ठा विसरून गेलं, ते न्यायला परत आलंच नाही. मग काय, पोरांची चंगळ! ज्याची सायकल आत उलटी टाकलेली, तो बाहेर पालथा पडून वाचतोय. पुढे पोरं आपापले जुने अंकही आणून त्यात टाकायला लागली आणि मामांना त्यासाठी एक फळी ठोकावी लागली.

मामांना मात्र त्यातल्या एकाही अंकाला हात लावायची सोय नव्हती. हात कायम चेनच्या वंगणाने काळे. एकदा कौतुकाने एक अंक उचलला, तर गगनमल्लाच्या जांभळ्या झग्यावर त्यांचा अख्खा अंगठा उमटला. बाकावरची एवढीशी पोरगी अशी काही करवादली, की मामांनी अंक जागच्या जागी ठेवून दिला. दिवसातून दहादा हात धुवायला सवड कुणाला? म्हणून त्यांनी नियम काढला. वाचा फुकट, पण वाचून झालं की माझं काम चालू असताना गोष्ट सांगायची, आणि मग ती कशी वाटली तेही सांगायचं. "नुसतं छान होती म्हणालास तर हवा भरणार नाही," असा वर दम.

आणि काय एकेक मतं यायची म्हणता! एक गुबगुबीत मुलगा म्हणाला, "गगनमल्ल बिनडोक आहे. त्याने पूल उचलून नेला, मग पलीकडच्या लोकांनी घरी जायचं कसं?" मामा हातातली ट्यूब सोडून हसत सुटले. एकीला पडलेला प्रश्न असा, की रोज चिखलात लढून आल्यावर त्याचा झगा धुतं कोण. एकाला तर गगनमल्लापेक्षा त्याचा वैरी प्रोफेसर विळखा आवडायचा. "इतकी मेहनत करतो बिचारा, एकदा तरी जिंकू द्यायला काय जातं यांचं?" असं तो डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा. एकच अंक चौघं वाचायचे आणि चार गोष्टी सांगायचे. मामांच्या डोक्यात त्या सगळ्यांचा मिळून एक गगनमल्ल तयार झाला होता. तो छापलेल्या गगनमल्लाहून बराच बडबड्या आणि थोडा विसरभोळा होता.

आता दुकान राहिलं नाही. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मामा लेकीकडे राहतात, हात गोऱ्या साहेबासारखे स्वच्छ झालेत, आणि नेमके आत्ता डोळे दगा द्यायला लागलेत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेकडेचं राहील. मामांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येताना लेकीला विचारलं, "ते गगनमल्लाचे अंक आता कुठे मिळतात गं?"

लेकीला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली. तिने शोधाशोध केली तर गंमत अशी, की सगळ्या जुन्या अंकांचा मिळून एक जाडजूड संग्रह नुकताच बाजारात आला होता. गुळगुळीत कागद, पुठ्ठ्याची बांधणी, वजन एवढं की मांडीला रग लागावी. मामांनी तो हातात घेण्याआधी साबणाने हात धुतले. मग खिडकीपाशी भिंग घेऊन बसले ते पार जेवायच्या हाकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला लावली, मग पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा "नीट बघून वाच" म्हणाले तेव्हा ती वैतागली.

"अप्पा, तुम्हाला हवंय तरी काय?"

"शिडीची गोष्ट."

"कसली शिडी? हा माणूस उडतो ना?"

मामा पुस्तक मिटून बसून राहिले.

ती शिडीची गोष्ट काय, हे सांगायचं तर मामीचं सांगावं लागेल, आणि मामीचं मामांनी कधी कुणाला धड सांगितलं नव्हतं. मामी हॉस्पिटलात होती. लेक तेव्हा लहान, मावशीकडे ठेवलेली. एका दुपारी निरोप आला, लवकर या. मामांच्या हातात तेव्हा दूधवाल्याचं मागचं चाक होतं. तारा तुटलेल्या, नव्या ओवून झालेल्या, फक्त चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा राहिलेला. दूधवाल्याला पहाटे सायकल हवी होती. एवढं चाक सरळ करतो आणि निघतो, असं मामा म्हणाले. चाक सरळ केलं आणि निघाले. पोचले तेव्हा मामी नव्हती. शेवटी तिने आपल्याला विचारलं होतं का, काही म्हणाली होती का, हे तिथल्या नर्सला विचारायचा त्यांना धीर झाला नाही. तसेच घरी आले.

मग दुकान बंद. हत्यारं भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. तो यायचा म्हणून एका दुपारी मामा अर्धं शटर वर करून आत नुसते बसले होते, तर शटरखालून वाकून एक मुलगी आली. पुढचा एक दात पडलेला, हातात लाल सायकल, घंटीवर बेडकाचं चित्र, मागचं चाक बसलेलं. दुकान बंद आहे, असं मामा म्हणाले. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, सायकल भिंतीला टेकवली, फळीवरचा एक अंक काढला आणि बाकावर पाय हलवत बसली. मामा आपल्याच तंद्रीत. थोड्या वेळाने नियमाप्रमाणे ती गोष्ट सांगायला लागली.

गगनमल्लाची बायको आजारी होती. तो तिला भेटायला उडत निघाला, तर वाटेत धरण फुटलं. गगनमल्ल पाठ लावून धरणाला टेकून उभा राहिला. खालची सगळी माणसं निघून जाईपर्यंत त्याला हलता येईना. मग तो पोचला, पण उशीर झाला होता. तेव्हा गगनमल्लाने झगा काढून पेटीत टाकला आणि दार लावून घेतलं. लोक आले, हाका मारून गेले. मग एक मुलगी आली. म्हणाली, माझं मांजर छपरावर अडकलंय. गगनमल्ल म्हणाला, मी आता गगनमल्ल नाही, मला उडता येत नाही. ती म्हणाली, बरं, मग तुमच्याकडे शिडी आहे का?

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय, शिडी होती. त्याने शिडी लावली आणि चढला. आपण चढतो तसाच. वरून जरा घाबरला पण."

आणि कशी वाटली, तर म्हणे, "मला आवडली. उडण्यापेक्षा शिडी बरी, पडलं तर कमी लागतं."

मामांनी घमेल्यात पाणी ओतलं, ट्यूब काढली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं आणि पंक्चर काढलं. भंगारवाला आला त्याला परत पाठवला. दुसऱ्या दिवशी शटर पूर्ण वर.

त्या गोष्टीवर मामांनी पुढची सगळी वर्षं काढली, यात अतिशयोक्ती नाही. छापलेली गोष्ट होती ती! म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने बसून, विचार करून लिहिलं होतं की एवढा मोठा गगनमल्ल, त्यालासुद्धा पोचता आलं नाही. हजारो लोकांनी ते वाचलं होतं आणि तरीही ते गगनमल्लावर प्रेम करत होते. फक्त एक गोष्ट त्या मुलीने सांगितली नव्हती. ती बायको वाट बघत असताना कशी होती? रागावली होती का? चित्रांची गोष्ट म्हटल्यावर ते चित्र असणारच. तेव्हाच अंक उघडून बघता आलं असतं की! हात काळे ही आपली सबब. खरं म्हणजे मामा घाबरले होते. पुढे दुकान गेलं, अंक पोरांनी आठवण म्हणून वाटून नेले. आणि आता डोळे जायच्या आत ते एकच चित्र बघायचं होतं, तर या गुळगुळीत पुस्तकवाल्यांनी तेच गाळलं! मामांचं डोकंच फिरलं.

वाचनालयात या संग्रहावर वाचकांची चर्चा ठेवली होती. मामांनी लेकीचा हात धरला आणि गेले. गर्दी बरी होती. सगळे टक्कल पडलेले, केस रंगवलेले, आणि सगळे एकदम बारा वर्षांचे झालेले. ग्रंथपाल बाई मध्ये उभ्या राहून "एकेकाने बोला, एकेकाने" म्हणत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं.

"रंग फार भडक केलेत," एकजण म्हणाला. "आपल्या वेळी झग्याचा जांभळा कसा रेषेच्या बाहेर सांडलेला असायचा!"

"वासच नाही हो याला. मी आधी वास घेतला. नव्या कपाटासारखा येतो."

"विळख्याला पुढे पुढे अगदीच मूर्ख केलाय. तेव्हा लक्षात आलं नव्हतं."

"मला तर वाचून वाईट वाटलं," एक बाई म्हणाल्या. "इतकी छोटी गोष्ट होती ही? मला दोन दिवस पुरायची."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते प्रत्येकालाच वाटलं होतं.

कोपऱ्यात एक पेन्शनर गृहस्थ होते. गगनमल्लाचा कुठला अंक कधी निघाला, मुखपृष्ठावर काय होतं, सगळं तोंडपाठ, म्हणून सगळे त्यांना अंकशास्त्री म्हणत. मामा उठून थेट त्यांच्याकडेच वळले. "यात एक गोष्ट गाळली आहे," ते म्हणाले. "सगळ्यात चांगली. का गाळली ते मला कळलं पाहिजे."

"कुठली?"

मामांनी सांगितली. दुकानात पोरं सांगायची तशीच सांगितली, धरण, झगा, मांजर, शिडी, सगळी. लेक बघतच राहिली.

अंकशास्त्री भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मामा," ते म्हणाले, "गगनमल्लाला बायको नव्हती हो. कुठल्याच अंकात नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत ब्रह्मचारी."

"असं कसं? पंक्चर काढायला आलेल्या एका दात पडलेल्या पोरीने वाचून सांगितली, मी स्वतः..." मामा म्हणाले आणि थांबले. स्वतः काय? स्वतः ऐकली होती. मागे कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नसेल, पण मामांच्या कानापर्यंत ते पोचलं. ते मटकन खाली बसले. म्हणजे कुणी शहाण्या माणसाने काही लिहिलं नव्हतं. एका दात पडलेल्या पोरीशिवाय कुणीच आपल्याला माफ केलेलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

"एक मिनिट," मधल्या रांगेतला एक आडदांड माणूस उभा राहिला. चौकातला बेकरीवाला. "तुम्हाला ही गोष्ट सांगणारी मुलगी, तिची सायकल कसली होती म्हणालात?"

"म्हणालो नाही. लाल होती. घंटीवर बेडूक."

"बेडूक!" बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, ती माझी सायकल! पंक्चर कुठे काढलंस म्हणून विचारत होतो, तर मी नेलीच नव्हती म्हणून शपथा घेत होती, चोर कुठली! धाकटी बहीण माझी. थांबा, आत्ता फोन लावतो." इतक्या वर्षांचा राग त्याच्या तोंडावर असा ताजा होता, की ग्रंथपाल बाईंनाही हसू आवरेना.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. गाडी शिकवण्याचा धंदा करते. दिवसभर शिकाऊ लोकांवर ओरडून आवाज खणखणीत झालेला. दात अर्थातच सगळे जागेवर. दारातूनच म्हणाली, "मामा! लायब्ररीत भांडलात म्हणे माझ्यापायी?"

लेकीने पाणी आणलं. मामांनी डोकं जरा तिरकं करून तिला कडेच्या नजरेने नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "तुला आठवतं का ते?"

"न आठवायला काय झालं? दादाची सायकल न विचारता आणलेली, तो क्लासवरून यायच्या आत परत ठेवायची, आणि तुम्ही म्हणताय दुकान बंद. माझं धाबं दणाणलं होतं. तुमचा नियम माहीत होता. म्हटलं, गोष्ट सांगितली तर उठतील."

"मग ती गोष्ट कुठल्या अंकातली?"

"कुठल्याच नाही. हातात होता त्यात विळखा समुद्राचा बर्फ करतो. पण तो तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितला असणार, म्हणून मी जुळवली एक."

"अगं, पण बायको? ते उशिरा पोचणं? ते तुला कसं सुचलं?"

ती जराशी चपापली. पाण्याचा पेला खाली ठेवला. "ते तुम्हीच म्हणत होता ना, मामा. बसल्या बसल्या, सारखं. पोचायला पाहिजे होतं, उशीर झाला, पोचायला पाहिजे होतं. मी लहान. मला वाटलं, तुम्ही मला गोष्टीची सुरुवात करून देताय. मी फक्त पुढची जोडली."

"आणि शिडी?"

"शिडी तुमच्या मागे भिंतीला होती."

लेक दाराशी उभी होती. आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल बाप तोंडातून शब्द काढत नाही, एवढंच तिला आजवर माहीत होतं. ती हलली नाही.

"एक विचारू?" शेवटी मामा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "ती जी वाट बघत होती. त्या गोष्टीतली. ती रागावली होती का त्याच्यावर?"

मनात आणलं असतं तर त्या बाईने तिथल्या तिथे हवं ते चित्र रंगवून दिलं असतं. कसब होतंच तिच्याकडे. तोंड उघडलंही होतं तिने. पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिच्याने ते होईना.

"ते मला कसं माहीत असणार, मामा?" ती हळू म्हणाली. "मी मामींना कधी बघितलंसुद्धा नाही. तुम्ही सांगा ना. एरवी घरी उशिरा पोचलात की त्या काय म्हणायच्या?"

"काय म्हणायची!" मामा नेहमीच्या तोऱ्यात सुरू झाले. "चपला काढू द्यायची नाही. आतूनच विचारायची, झालं का चाक? नाहीतर, झाली का त्याची सायकल? भांडायची ती नंतर, जेवताना. पण पहिलं विचारणार तेच. नाही झालं म्हटलं तर मलाच ओरडायची, त्या बिचाऱ्याने सकाळी करायचं काय म्हणून. असली बाई! दुखण्यात पडली होती तरी, मी भेटायला गेलो की आधी..."

ते मध्येच थांबले. लेक पुढे झाली आणि त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होते ते समोरच्या रिकाम्या भिंतीकडे, जिथलं मधलं त्यांना आता दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

"झालं होतं गं चाक," मामा म्हणाले. "एकदम सरळ झालं होतं. पहाटे दूधवाला त्याच सायकलवर दूध घेऊन गेला."